काकवीचा कोबा

आमच्या घराच्या जमिनीला एकदा मुंग्या लागल्या. जमिनीवर नव्हे, जमिनीला!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत नवागामला आमच्या दोन खोल्या होत्या. साड्यांना टिकल्या लावून लावून आईने घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची चक्की, घ्यायचा बेत जमवला होता. रविवारी ती यायची होती. पण पुढच्या खोलीचा कोबा इतका तडकलेला, की त्यात तापी, गिरणा, पांझरा सगळ्या नद्या ओळखता याव्यात.

मी तेव्हा एका बांधकामावर सामान सांभाळायचो. घरात मात्र इंजिनिअर!

"केमिकल टाकू," मी जाहीर केलं. "पाणी कमी लागतं. पाणी कमी, तर काँक्रीट सुकताना आकसतं कमी. आकसलं कमी, तर तडे कमी!" (वाक्य साइटवरच्या साहेबांचं. मी पाठ केलं होतं.)

आमच्या गावचे भिकाभाऊ गवंडी म्हणाले, "नाना, आपण तर नुसतं पाणी मारत आलो. पण तू शिकेल माणूस. आण!"

साहेबांकडून मी डबाभर केमिकल मागून आणलं आणि मोरीजवळच्या डब्यांत ठेवून दिलं. काळपट, तपकिरी, घट्टसर. गुरुवारी सकाळी मोरीजवळचा डबा उचलला आणि भिकाभाऊंच्या सिमेंटच्या मालात ऐटीत ओतला. वर "असू द्या थोडं जास्त" म्हणून आणखी दोन वाट्या!

"माल काय मऊ झाला रे!" भिकाभाऊ खूश. मी तर त्याहून.

शुक्रवारी कोबा ओला. शनिवारीही ओला. बोट लावलं तर श्रीखंडासारखा खड्डा.

"केमिकल आहे, वेळ घेतं," मी आईला समजावलं.

दुपारी मुंग्या आल्या. उंबऱ्यावरून शिस्तीत रांग, थेट कोब्यात.

"भिकाभाऊ, सिमेंटला मुंग्या लागतात?"

"तीस वर्षांत तरी नाही पाहिल्या."

तेवढ्यात आतून आईची हाक आली. मामाने गावाहून पाठवलेली काकवी ती भाकरीसोबत वाढायला घेत होती. वाटी नाकाशी धरून ती ओरडली, "नाना, हाई काय शे रे? काकवीला रॉकेलसारखा वास कसा?"

मी मोरीजवळच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग कोब्याकडे, मग मुंग्यांकडे. डब्यांची अदलाबदल झाली होती. आईने वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. रागाने की हसू दाबायला, ते मी विचारलं नाही.

साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अरे, गोडाने सिमेंट जमतच नाही! सगळं काढ!"

रविवारी घरघंटी आली ती शेजारच्या शांताकाकूंच्या ओट्यावर उतरली. आई, भिकाभाऊ आणि मी, तिघांनी फावड्याने कोबा उपसला. काढायला मात्र फारच सोपा गेला!

मंगळवारी भिकाभाऊंनी पुन्हा कोबा घातला. या वेळी खरं केमिकल, मापात. त्या सकाळी आईने मला थेट लिंबायतच्या बाजारात मेथीची जुडी आणायला पाठवलं. मेथी दारातच मिळत होती.

तो कोबा पक्का जमला. वर्षानुवर्षं घरघंटी घरघरली, पण एक तडा नाही. लोक विचारायचे, "असं कोणतं केमिकल टाकलं हो?"

भिकाभाऊ सांगायचे, "केमिकल नेहमीचंच. फक्त टाकताना नानाला घराबाहेर काढायचं."