मुलुंड ते अंधेरी, सवतीची बॅटरी बदलायला

लग्नाच्या पहिल्या वर्षी लोक केरळला जातात. मी अंधेरीला गेले, तेही नवऱ्याच्या पहिल्या बायकोसाठी.

शिरीषची पहिली बायको, नीलिमा, आजारपणात गेली. तिचा तळहाताएवढा जुना पामटॉप आमच्या कपाटात असतो. प्लास्टिकच्या काडीने पडद्यावर लिहायचं. त्यात तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, चित्रं आहेत. पंचाईत अशी, की बॅटरी पूर्ण उतरली तर आतलं सगळं पुसलं जातं. गेल्या आठवड्यात चार्जिंग तासभरही टिकेना आणि शिरीषला जेवण जाईना. मला ताप होता तेव्हा हाच माणूस गाढ झोपला होता!

"फोटो काढून ठेव ना पडद्याचे," मी म्हटलं.

"फोटो म्हणजे ते नव्हे गं."

झालं. निघालो.

मुलुंडहून रिक्षाचे साडेतीनशेच्या आसपास होतात. पवईला तलाव झकास दिसतो, पण शिरीषचे डोळे मांडीवरच्या यंत्रावर आणि त्याला जोडलेल्या पॉवर बँकेवर. जाणार असाल तर लक्षात ठेवा, दुरुस्तीची दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत. तोवर स्टेशनबाहेर गरम साबुदाणा वडे खा. मी दोघांच्या वाटचे खाल्ले.

दुकानदाराने यंत्र उघडलं. "वहिनी, बॅटरी बदलेपर्यंत पॉवर बँकेच्या ह्या वायरी दाबून धरा. सुटल्या तर वाट लागली. साहेबांचे हात बघा कसे थरथरतायत."

मी धरल्या. एक बोट उचललं असतं तर घर माझं एकटीचं झालं असतं. खरं सांगते, मनात आलं. बोटं दुखेपर्यंत धरून राहिले.

पडदा उजळला. समोर तिने काढलेला शिरीष. नाक हुबेहूब! मला सात जन्मांत जमलं नसतं. आणखीच जळफळाट झाला.

परतताना मेट्रोने घाटकोपर आणि तिथून मुलुंड, स्वस्त पडतं. घरी शिरीषने काडी माझ्या हातात दिली. "तूही लिही ना काहीतरी."

लिहायला गेले तर मेमरी भरलेली.

"थांब, तिची एक चिठ्ठी पुसतो," म्हणत त्याने 'येताना दूध आण' अशी एक निवडली. मी यंत्र हिसकावून घेतलं.

"हात लावू नकोस. तिचं तिला राहू दे. मला नवीन टॅब घे. आणि मेमरी तिच्यापेक्षा जास्त हवी."

शिरीष कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला. मी नाही हसले. मी गंमत करत नव्हते.