उसातला ट्रम्पेट

पोलीस खात्यातल्या बहुतेक घटना आठवल्या की कपाळाला आठी पडते. ही एक मात्र अशी आहे की आजही आठवली तर एकट्यालाच हसू फुटते आणि घरातले विचारतात, काय झाले म्हणून.

मी तेव्हा माजलगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लग्नसराई ऐन भरात होती. या दिवसांत ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: मांडवातून मोबाईल गेला, मानपानावरून हाणामारी झाली, वरातीत गाडीला गाडी घासली. त्या दुपारी मात्र दारात अख्खी बँड पार्टी उभी राहिली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घामाने निथळलेले चेहरे आणि तिघांचे हात रिकामे. ठाणे अंमलदाराला वाटले, कुणाची तरी वरात रस्ता चुकली.

पुढे होते ते बँडमास्तर, पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे गृहस्थ. त्यांनी फिर्याद सांगितली. एका गावात लग्न लागले, पंगती उठल्या, आणि नेहमीप्रमाणे बँडवाले शेवटच्या पंगतीला बसले. वाद्ये मांडवामागे लिंबाखाली ठेवली होती. जेवून येतात तो ढोल-ताशे जागेवर, पण दोन ट्रम्पेट आणि एक सॅक्सोफोन गायब.

"बिले आहेत का?" मी सवयीने विचारले.

"कशाचं बिल, सायेब? एका म्हाताऱ्या बँडवाल्यानं धंदा सोडला, त्याच्याकडून घेतलं. त्यानं कुठून आणलं ते त्यालाच ठावं. आमची पार्टी तरी कुठं कागदावर हाय? सुपारी तोंडी, बोली तोंडी."

ही सगळी मंडळी हिवाळाभर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जात. परत आली की कोयता ठेवून कोट चढवत. दुकान नाही, पाटी नाही. लोकांकडे मास्तरांचा फोन नंबर आणि मास्तरांचा शब्द, एवढ्यावर धंदा चालायचा. अक्षय तृतीया तोंडावर आली होती आणि त्या दिवसाच्या वरातीचा शब्द देऊन झाला होता.

"त्या दिवशी बँड वाजला न्हाई, तर पुढच्या साली आमाला कोण बोलावतंय? माझी मानसं बी पांगतील, सायेब," मास्तर म्हणाले. 

मी चोरीचा गुन्हा दाखल केला. पंच घेऊन स्थळ पंचनामा झाला. माझा अंदाज होता की कुणीतरी पितळेवर डोळा ठेवून माल उचलला असणार. त्यामुळे बीट अंमलदाराला भंगारवाल्यांकडे पाठवले. हमरस्त्यावर पार चौसाळ्यापर्यंत चौकशी झाली. भंगारवाल्यांनी चहा पाजला, माहिती काही दिली नाही. खरे तर त्यांच्याकडे नव्हतीच.

माहिती आली ती भलतीकडून. शेळ्या राखणारी एक म्हातारी काठी टेकत ठाण्यात आली. तिला चोरीशी काही देणेघेणे नव्हते. तिची तक्रार वेगळीच होती.

"सायेब, कालव्याकडच्या उसात सैतान वरडतंय. माझ्या शेळ्या तिकडं जाईनात."

"कधी ओरडतो, आजी?"

"उन्हाचं. मानसं जेवून आडवी झाली की. आदी रेडकावानी वरडतंय, मग लग्नातल्यावानी वरडतंय."

शेवटचे वाक्य ऐकून मी आणि बीट अंमलदाराने एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही साध्या कपड्यांत त्या बांधावर जाऊन बसलो. पुढच्या हंगामात तुटणारा आडसाली ऊस, डोक्याच्या वर गेलेला. बराच वेळ काही नाही. मग आतून खरोखर रेडकू ओरडल्यासारखा आवाज आला. थोडे थांबून पुन्हा आला, आणि या वेळी त्यात एक चाल होती. नवरदेव घोड्यावर बसताना वाजवतात ती. दोन ओळी बऱ्या जायच्या, तिसरीला गाडी घसरायची. वाजवणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. शेवटी बीट अंमलदार कुजबुजला, "साहेब, चाल पूर्ण झाल्यावर धरू. बिचारा लई मेहनत घेतोय."

आम्ही पाचट तुडवत आत शिरलो. विशी-बाविशीचा एक गडी डोळे मिटून, गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होता. बाजूला पोत्यात बाकीची दोन वाद्ये. तो पळालासुद्धा नाही. आमच्याकडे बघत राहिला.

चौकशीत मात्र पठ्ठ्या पक्का निघाला.

"माझंच हाय. बाजारातून घेतलंय."

"बिल दाखव."

"बिल न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "मास्तरकडं तरी कुठं हाय?"

पोरगा बरोबर बोलत होता. मुद्देमाल मिळाला, पण तो मास्तरांचा हे न्यायालयात दाखवायचे कशावरून? मास्तर ट्रम्पेट हातात घेऊन "हे माझंच, हे माझंच" एवढेच म्हणत होते. दावा तर दोघेही सारखाच करत होते.

तेवढ्यात आमच्या ठाण्यातल्या महिला शिपाई पुढे आल्या. मागच्याच उन्हाळ्यात त्यांचे लग्न झाले होते.

"सर, माझ्या लग्नात हीच पार्टी होती. व्हिडिओ आहे मोबाईलमध्ये."

झाले. ठाण्यातले सगळे त्यांच्या मोबाईलभोवती गोळा झाले. वरात निघाली होती. नवरदेव घोड्यावर, करवल्या नाचतायत, आणि पुढे लाल कोटवाले. ट्रम्पेटच्या तोंडाला पडलेला पोचा आणि दांड्याला गुंडाळलेली निळी चिकटपट्टी स्पष्ट दिसत होती. टेबलावरच्या ट्रम्पेटलाही तोच पोचा, तीच पट्टी. आरोपीलाही दाखवावे म्हणून मी मोबाईल त्याच्यासमोर धरला.

त्याने वाकून पाहिले आणि एकदम ओरडला, "थांबा, थांबा! मागं घ्या! ह्यो मीच की!"

वरातीच्या कडेला डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्यांच्या रांगेत तो होता. बाकीचे समोर बघून चालत होते. याची मान ट्रम्पेटवाल्याकडे वळलेली. आपण काय बोलून बसलो हे ध्यानात आल्यावर त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. ज्या बँडपुढे दिवे धरले, त्याच बँडचा ट्रम्पेट तो स्वतःचा म्हणत होता. सगळे ठाणे हसत सुटले. शेवटी तोही हसला आणि सगळे कबूल केले. विकायचे त्याच्या मनातही नव्हते. त्याला शिकायचे होते.

"मग सॅक्सोफोन कावून नेला?" बीट अंमलदाराने विचारले.

"त्यो कसा वाजतो ते बी बघायचं व्हतं."

मास्तर खवळले. "शिकायचं व्हतं तर मला मागायचं व्हतंस बे!"

"मागितलं व्हतं, मास्तर. तुमी म्हनलात, दिवा सरळ धर."

 मास्तरांच्या मिशा हलायला लागल्या, आणि पोट धरून हसणारा तो माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

कायद्याने जे करायचे ते आम्ही केले. अटक दाखवली, आरोपीला न्यायालयात हजर केले, व्हिडिओचा पंचनामा जोडला. खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर, म्हणजे सुपूर्दनाम्यावर, वाद्ये मास्तरांना मिळाली. पुढे मास्तरांनी तडजोडीचा अर्ज दिला आणि न्यायालयाने तो मंजूर केला. पण त्याआधी अक्षय तृतीया आली. त्या दिवशी मी बंदोबस्ताच्या निमित्ताने ती वरात होती त्या गावावरून गाडी घेतली. बँड असा वाजत होता की घोडासुद्धा ठेक्यात पाय टाकत होता. माझ्या चालकाचे बोट स्टिअरिंगवर नाचत होते आणि खरे सांगायचे तर माझेही बूट गप्प बसले नाहीत.

तडजोडीनंतर मास्तरांनी त्या गड्याला पार्टीत घेतले. आता तो लाल कोट घालतो.

नोकरीची बरीच वर्षे मी कागद पाहूनच मालक ओळखत आलो होतो. आमच्या जिल्ह्यात निम्मा व्यवहार कागदाला शिवतही नाही. गाडा, शिलाई यंत्र, शेळी, वाद्य; हातोहात घेतात, शब्दावर देतात. त्यांची वस्तू गेली तर ती त्यांची नव्हतीच, असे आपण म्हणणार का? या घटनेनंतर मी फिर्यादीला दोन प्रश्न विचारू लागलो. बिल आहे का, हा पहिला. नसेल तर दुसरा: ही वस्तू तुझ्याकडे कुणी कुणी पाहिली आहे? हा दुसरा प्रश्न विचारला की माणूस ताठ बसायचा, आणि संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या ओट्यावर त्याच्या गल्लीतली माणसे साक्ष द्यायला जमलेली असायची. बसायला बाकडी पुरायची नाहीत.