सपाट पळवाट

पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये किलोमीटर मोजायला घड्याळं असतात, किस्से मोजायला काहीच नसतं. ते आपोआप साठत जातात. पळून झाल्यावर चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतं, "ते लिंबाचं आठवतंय का?" आणि झालं! ऑफिसची वेळ टळून जाते, पण किस्सा संपेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे चार माणसं. नवीन पनवेलचे सावंत काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसिअर. त्यांच्याच सोसायटीतला निलेश, सॉफ्टवेअरवाला, स्वतःच्या पायांपेक्षा लॅपटॉपवर जास्त विश्वास असलेला. हरेश, खाडीकाठच्या करंज्याचा कोळी. बंदरात क्रेन चालवतो आणि रविवारी लांब पळायला मोटारसायकलवरून आमच्याकडे येतो. आणि मी, अनघा. इंजिनिअर, आणि सगळ्यांच्या मते जरा जास्तच घाईची. सिग्नलला मी जागच्या जागी पळत राहते, हे मात्र खरं आहे.

पुढचे किस्से एकाच हिवाळ्यातले. त्या हिवाळ्यात आम्हाला एकच काम होतं: काकांसाठी सपाट रस्ता शोधणं.

*

सुरुवात काकूंपासून झाली.

काकांना पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर, चार तासांच्या आत पळायची होती. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा थोडक्यात हुकलं. इकडे काकूंचा जीव दर वेळी टांगणीला. काकांचे थोरले भाऊ छातीच्या दुखण्याने गेले होते, तेही आंघोळीला जातो म्हणून उठले आणि गेले. शेवटी काकूंनी निकाल दिला, "एक जूनला तुम्ही साठ पूर्ण करता. साठी झाली की बूट माळ्यावर. मग सोसायटीच्या बागेत फिरायचं, माझ्याबरोबर, माझ्या स्पीडने."

काकांनी एक पळवाट काढून बघितली. "अगं, माझा जन्म एक जूनचा नाहीच. पहिलीत घ्यायला वय भरत नव्हतं म्हणून मास्तरांनी आधीचा एक जून ठोकून दिला. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनची! आई म्हणायची, तू पुढच्या शिमग्यातला. पालखी दारात आली आणि मला कळा सुरू झाल्या."

"सासूबाईंना तारखा कुठे लक्षात राहायच्या?" काकू म्हणाल्या. "आपल्या लग्नाची तारीखसुद्धा चुकीची सांगायच्या. पेन्शनच्या कागदावर एक जून आहे ना? मग एक जून म्हणजे एक जून!"

विषय संपला. जूनआधी थंडीतली एकच मॅरेथॉन करणं शक्य होतं. काकांनी ग्रुपवर घोषवाक्य टाकलं: "साठीच्या आत, चारच्या आत!"

खाली हरेशने लिहिलं, "आनि काकू झोपायच्या आत घरी!"

*

मी आधी या सगळ्याच्या विरुद्ध होते. माझं म्हणणं, ज्याला पळायचंय त्याने समोर येईल तो रस्ता घ्यावा. चढ असेल तर चढ. सपाट रस्ता शोधून काढलेली वेळ कसली? चहाच्या टपरीवर मी जवळजवळ भाषणच केलं. शेवटी म्हणाले, "काका, स्पष्ट बोलते. सपाट कोर्स शोधणं म्हणजे पळवाट आहे!"

काकांनी शांतपणे ग्लास खाली ठेवला. "अगं, आपण पळणारी माणसं. आपण पळवाट नाही शोधायची तर काय रिक्षा स्टँड शोधायचा?"

टपरीवाल्याच्या हातून चहा सांडला. मी त्या दिवसापासून काकांच्या बाजूने. पेसर म्हणून, म्हणजे त्यांचा वेग सांभाळत, त्यांच्याबरोबर पळायचंही मीच कबूल केलं. आणि कबूल केल्यावर विचार केला. माणूस स्वतः हुकला तर स्वतःला शिव्या देऊन मोकळा होतो. दुसऱ्याचा शेवटचा चान्स आपल्या हातून हुकला तर काय करायचं?

*

शर्यतीआधी आम्हाला सरावासाठीही सपाट रस्ता हवा होता. डोळ्यांना सगळेच रस्ते सपाट दिसतात, पायांना दिसत नाहीत. काका म्हणाले, "खात्यातल्या जुन्या मित्राकडून लेव्हलचं यंत्र आणतो. आयुष्यभर पाण्यासाठी उतार शोधला, आता जरा स्वतःसाठी शोधतो."

यंत्र यायला आठवडा लागणार होता. मला आठवडा थांबवेना. मी म्हटलं, "यंत्र कशाला? लिंबू ठेवायचं. घरंगळलं तर उतार, नाही घरंगळलं तर सपाट!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सेक्टरच्या चौकात. अंधुक उजेड, रस्त्याच्या मधोमध एक पिवळं लिंबू, आणि त्याच्याभोवती उकिडवे बसून टक लावून बघणारे चौघे. देवळात निघालेल्या एक काकू आम्हाला बघून जागीच थबकल्या. चौकात लिंबू कशासाठी ठेवतात, हे मला त्यांचा चेहरा बघून आठवलं.

"काय रे, काय चाललंय?" त्यांनी लांबूनच विचारलं.

निलेशने मान वर न करता उत्तर दिलं, "काही नाही काकू, उतार बघतोय."

"उतारा! मेल्यांनो, कुणावरून ओवाळून टाकलात?"

आठवडाभर त्या चौकातून कुणी सरळ गेलं नाही. सगळे कडेकडेने. आम्हाला मात्र सरावाला अख्खा रस्ता मोकळा मिळाला. हरेश म्हणाला, "लिंबू लय पावरफुल हाय!"

*

त्या काळात विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणून आमच्याकडे जमिनींना सोन्याचा भाव आलेला. जो तो सात-बाराच्या मागे. 'उतारा' म्हटलं की माणसाला तलाठीच आठवायचा.

निलेश रोज लॅपटॉपवर मॅरेथॉनच्या रस्त्यांचे चढ-उताराचे आलेख चाळत होता. अशात एका छोट्या शहरातल्या मॅरेथॉनची जाहिरात मी पाहिली. चढ-उताराचा तक्ता कुठेच नव्हता. मी थेट आयोजकांना फोन लावला. तिकडे कुणी वयस्कर गृहस्थ होते आणि लाइनवर खरखर.

"नमस्कार, पनवेलहून बोलतेय. तुमच्या रस्त्याचा उतार कळेल का?"

"पनवेल? तुमची इकडेही जमीन आहे का?"

"जमीन नाही हो, रस्ता! रस्त्याचा उतार!"

"रस्त्याचा उतारा आमच्याकडे नसतो ताई. तलाठी मंगळवारी बसतात. लवकर या, गर्दी असते."

त्या शहरावर आम्ही काट मारली.

*

हरेशचं मत वेगळं. "तुमी नुस्ती जमीन बघता. वारा कोन बघनार?" त्याने आम्हाला करंज्याकडच्या रस्त्यावर सरावाला बोलावलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले बोंबील. रस्ता आरशासारखा सपाट. हरेश छाती पुढे काढून म्हणाला, "जाताना वारा पाठीवर. तवर भरती फिरनार, वारा पन फिरनार, येताना परत पाठीवर. दोनी टायमाला फुकटचा धक्का! दर्याचं आमच्याकडनं शिका."

जाताना वारा तोंडावर. मी मनात म्हटलं, ठीक आहे, येताना तरी पाठीवर मिळेल. आम्ही वळलो. वाराही वळला. पुन्हा तोंडावर! काका अर्धे वाकून पळत होते. टोपी उडाली ती बोंबलांच्या मांडवावर जाऊन बसली आणि मासे वाळवणाऱ्या बायका पोट धरून हसायला लागल्या.

काकांनी धापा टाकत विचारलं, "हरेश, काय रे हे?"

हरेशने समुद्राकडे रागाने बघितलं. "आज तो ऐकत नाय."

त्या दिवशी काका खूप हळू आले. टपरीवर कुणी विनोद केला नाही. काकांनी नकळत एक हात छातीवर ठेवला होता. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं, आणि हात खाली घेतला.

मी ते काकूंना सांगितलं. काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

*

त्यामुळे कार्डिओग्राम काढणं आलं. डॉक्टरांकडे काका-काकू आत, आम्ही तिघे बाहेर. मला बाकावर बसवेना. मी येरझाऱ्या घालत होते. शर्यत रद्द झाली तर? रद्द नाही झाली आणि काही झालं तर? दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात, आणि दोन्हींना जबाबदार मीच.

काकू कागदाची लांब पट्टी घेऊन बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. निलेशने त्या पट्टीकडे एक नजर टाकली आणि सवयीने बोलून गेला, "बापरे! हा कुठला कोर्स? केवढे चढ-उतार! हा नको."

हरेशने त्याला कोपराने ढोसलं.

काकूंनी पट्टीची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "निलेश, बाकीचं सगळं तू सपाट शोध. एवढं एक मला असंच राहू दे."

मग त्या हसल्या, आणि तेव्हा कुठे आम्हाला कळलं की सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली होती. काकूंनी फक्त एक अट वाढवली: त्या स्वतः बरोबर येणार.

*

आता शेवटचा.

बऱ्याच चाळणीनंतर निलेशने एक शहर नक्की केलं. रात्रभराच्या प्रवासावर. शहराचं नाव सांगत नाही. माणसं चांगली होती. स्क्रीनवर त्याने कोर्सचा आलेख दाखवला, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ! "काका, यापेक्षा सपाट हवं असेल तर टेबलावर पळावं लागेल."

थंडी छान होती. मी काकांच्या शेजारी. पहिला तास घड्याळाप्रमाणे. मग समोर काहीतरी उंच दिसायला लागलं. फ्लायओव्हर!

रस्ता खालून जात असेल, असं मी स्वतःला समजावलं. रस्ता वरून गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. शिवाय परत यायचंही त्याच रस्त्याने होतं. निलेशच्या नकाशाला पुलाखालची जमीन दिसत होती. पूल दिसत नव्हते. आम्ही पनवेलची माणसं, उड्डाणपुलाच्या सावलीत राहणारी, आणि आमच्यातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता!

चौथ्या चढाला काका म्हणाले, "निलेशला विचार, हे खालून पळायचं होतं का?" विनोद करत होते म्हणजे श्वास होता. शेवटच्या पुलावर ते काहीच बोलले नाहीत. मी दर थोड्या वेळाने त्यांच्या छातीकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग परत छातीकडे. "काका, जरा वाढवू?" असं विचारायचं होतं. विचारलं नाही. वाढवावं असंही वाटत होतं आणि वाढवू नये असंही.

शेवटची रेषा दिसली तेव्हा तिच्यावरचं मोठं घड्याळही दिसलं. ते आमच्या डोळ्यांसमोर चार तासांवर गेलं आणि पुढे चालायला लागलं. काका थांबले नाहीत. तसेच पळत आले. वर गेली ती सेकंदं, मिनिटंसुद्धा नाहीत.

काका रस्त्याच्या कडेला फुटपाथवर बसले. निलेश लांब उभा, खाली मान घालून. हरेशने गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

काकू आल्या. त्यांनी आधी काकांचा चेहरा बघितला, मग मनगट हातात धरून नाडी बघितली. काकांनी मोठ्या घड्याळाकडे परत एकदा नजर टाकली, वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि काकूंपुढे धरले.

"घे. ठरल्याप्रमाणे. माळ्यावर."

काकूंनी बूट घेतले. एकमेकांवर आपटून त्यांची माती झाडली. पदराने एकाची टाच पुसली. मग निलेशकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या थंडीसाठी आतापासून बघायला लाग. आणि या खेपेला स्वतः जाऊन बघ, पूल-बिल काय आहेत ते."

काका पायमोज्यांवरच उठून उभे राहिले. "अगं, पण जूनमध्ये मला साठ…"

"साठ कसे होतील? पुढच्या वर्षीच्या शिमग्याला होतील."

"पण पेन्शनच्या कागदावर तर…"

काकूंनी बूट परत त्यांच्या हातात दिले.

"म्हणजे? सासूबाई काय खोटं बोलायच्या?"