कुंपणापर्यंत आलेली शाई

"मी काढत नाही तो. कितीदा सांगू?"

"मग कोण काढतं, आई? तुझी टीचर?"

"शाई आपोआप जाते तिथे."

"मग जाऊ देऊ नको ना! नव्या घराला एक पेंटिंग मागितलं मी तुझ्याकडे. डोंगर, धुकं, थोडं निळं-बिळं. आमची पूर्वी म्हणते, सोफ्याच्या वर कावळा नको."

"मग बायकोला सांग, दुकानातून आण."

अनुप मिल्टन कीन्सहून खास आला होता, रिकामी फ्रेम घेऊन. लंडनमधल्या पिनरच्या त्या बैठकीत प्रमोदिनीकाकू, म्हणजे अनुपची आई, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

काकू तशा सरळ रेघेच्या बाई. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळलेला. लग्नाच्या पंगतीतही कुणाचा चष्मा तिरका दिसला की हात लांब करून सरळ करायच्या. दोन हजार सातच्या मार्चमध्ये शशिधरकाका गेले आणि काकूंची झोप गेली. जीपी डॉक्टर म्हणाला, मन रमेल असं काहीतरी करा. म्हणून मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हिलरीचा चित्रांचा क्लास. तिथे काही काढायचंच नसतं. कागद चिंब करायचा, रंग सोडायचा, वरून शाईचे थेंब, बोर्ड जरा कलता करायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. पाण्याला ठरवू दे, असं हिलरी सांगायची. काकूंना ते फार आवडलं. कडा नसलेली शेतं, विरघळणारे डोंगर. फक्त उजवीकडे एक थेंब दर वेळी पसरायचं नाकारायचा. तसाच बसून राहायचा. चोचीसकट.

"थांब," काकू म्हणाल्या. पलंगाखालचा फोल्डर आणून त्यांनी चित्रं कार्पेटवर तारखेप्रमाणे मांडली. "ही पहिली. कुठे आहे?"

"वर. डोंगरावर."

"ही जूनमधली?"

"झाडावर." अनुपचा आवाज जरा उतरला.

"ऑगस्ट?"

"...कुंपणासारखं काहीतरी आहे."

"आणि ही आज सकाळची." टेबलावरचा बोर्ड अजून ओलसर होता. त्यात तो गवतात होता. अगदी पुढे.

"योगायोग आहे, आई."

"असेल."

दोघांनाही दहावा दिवस आठवत होता. इथे घाट कुठला? मागच्या गार्डनमध्येच पिंड ठेवला होता. गुरुजी म्हणाले, बाबांची काही इच्छा राहिली असेल तर बोलून दाखवा. अनुप कुडकुडत म्हणाला, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही." शेजारच्या धुराड्यावरचा कावळा हलला नाही. तास गेला, दीड तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तशा काकू म्हणाल्या, "नाही. खरा येईपर्यंत मी इथून हलायची नाही." अंगावर साधा स्वेटर, ओठ निळे पडलेले. शेवटी नागपूरहून दिरांचा फोन आला, म्हणून आत गेल्या. गुरुजी पिशवी ठेवायला गाडीकडे गेले. काकू परत आल्या तेव्हा पिंड विस्कटलेला होता.

"शिवला, आई," अनुप म्हणाला होता. "आत्ताच. चल, आत चल."

आता त्या खाली कार्पेटवर बसल्या. एक चित्र किंचित तिरकं होतं, ते सरळ केलं.

"तुझ्या कोटाच्या बाहीला भाताचं एक शीत होतं त्या दिवशी."

"काय?"

"मीच झटकलं ते. झटकलं आणि काही बोलले नाही."

"आई, दीड वर्ष झालं त्याला."

"म्हणून तर विचारतेय. घर सोडून लांब गेलास म्हणून नाही हं. तू सुखात राहा. मी रागावणारही नाही. पण तो दर चित्रात जवळ येतोय, आणि त्याला काय सांगायचं ते मला कळायला हवं ना? अनुप, कावळा शिवला होता का?"

अनुपने ओल्या बोर्डाकडे पाहिलं. ठिपका अजून चमकत होता. त्याने गाडीची किल्ली उचलली, नाड्या न बांधताच बुटात पाय घातले. फ्रेम भिंतीला टेकून तशीच राहिली. दार मात्र त्याने अगदी हळू ओढून घेतलं.