गॉना, वॉना आणि आमची द्राक्षं

जावयाचं इंग्रजी खोडून काढायची आमच्या घरात पद्धत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेळगावच्या आमच्या बागेतली द्राक्षं बघायला जर्मनीचा व्यापारी येणार होता. त्याच्याशी बोलायचं काम माझ्याकडं (घरातली एकटी बी.ए.!). खुर्च्या, चहा, टॉवेल, कात्री, सगळं जागच्या जागी लावून मी इंग्रजी वाक्यं पाठ करत बसले.

अमेरिकेहून सुट्टीवर आलेले आमचे जावई हसले. “मामी, असं कोण बोलतं आता? ‘गोइंग टू’चं ‘गॉना’, ‘वाँट टू’चं ‘वॉना’, ‘गिव्ह मी’चं ‘गिमी’!”

मी थक्क! आम्ही नुकतेच ठिबक बसवून पाणी वाचवायला शिकलो होतो. तिकडची माणसं तर बोलणंच ठिबकनं सोडत होती! एवढा श्रीमंत देश, पण काय ही काटकसर!

धाकटे दीर तात्या काळजीत. “वैनी, जमंल न्हवं? ह्यो गडी हातचा गेला तर माल मातीमोल भावानं जाईल.”

“तात्या, आय ॲम गॉना जमवणार!”

पाहुणा उतरताच मी सुरू झाले. “यू वॉना सी ग्रेप्स?”

तो गोंधळला. खिशातून छोटी डिक्शनरी काढून पानं उलटू लागला. (तोही इंग्रजी पुस्तकातूनच शिकलेला, थेट माझ्यासारखा!) “वॉना... नॉट हिअर,” तो पुटपुटला.

“काय म्हणतोय?”

“माझं इंग्रजी त्याच्या पुस्तकातसुद्धा नाही, तात्या.”

“आयला! म्हंजे लईच वरचं हाय!” तात्यांनी टोपी काढली.

पाहुणाही भारावला. खुर्ची ओढून म्हणाला, “प्लीज, टीच मी!”

मग काय! मी शिकवतेय, तो घोकतोय, मागून जावई उच्चार सुधारताहेत.

“वैनी, द्राक्षं तर दावा त्याला!” घड हातात धरून तात्या कळवळले.

“थांबा हो, ‘गिमी’ होऊ दे!”

‘गिमी’ झालं आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला; पाहुण्याला उशीर झाला होता. “आय ॲम गॉना गो!” म्हणत तो उठला. एका बैठकीत एवढी प्रगती! माझे डोळे भरून आले.

गाडी शेजारच्या आबांच्या बांधाशी वळताना अडकली. आबांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी खिडकीतून नुसता घड पुढं केला. पाहुण्यानं एक मणी तोंडात टाकला आणि आमच्या बागेपर्यंत ऐकू येईल असा ओरडला, “आय वॉना टेक ऑल!”

“वैनी, काय म्हणाला वो?”

तात्यांना काय सांगणार? माल आबांचा गेला होता. पण उच्चार माझा होता, अगदी अमेरिकन!