फल्लीच्या तेलातला नाला

आमच्या फडताळात माझी रंगात मिसळायची जवसाच्या तेलाची शिशी आणि बायकोची फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाची शिशी शेजारी-शेजारी असत. एका रविवारी पहाटे घाईत मी तिची उचलली आणि चित्रातला अख्खा नाला फल्लीच्या तेलात रंगवला. जवसाचं तेल आठवडाभरात वाळतं. फल्लीचं वाळतच नाही. पोरांना ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरला हे नुसत्या वासावरून कळायला हवं होतं. मला सर्दी होती.

तेव्हा आम्ही जानेफळकडे राहत होतो. हिवाळ्यातले रविवार मी सायकलला मांजरपाटाची चौकट आणि रंगाच्या नळ्या बांधून रानातल्या नाल्यावर जायचो. पाणी घोट्याएवढंच, पण सागाच्या सावलीत ते हिरवं-काळं दिसे. झाडं रंगवून झाली होती, ते काळं तेवढं जमत नव्हतं. त्या रविवारी गेलो तर सावलीच नाही. डावीकडचे सगळे साग आडवे, आणि पाणी घासलेल्या ताटासारखं चकाकतंय.

कुऱ्हाडवाल्यांपैकी एकानं विचारलं, "मास्तर, तुमच्या चित्रातलं झाड कोनतं बाप्पा? सांगा, थे शेवटी तोडतो."

तो मनापासून विचारत होता. त्याच्यावर कसला राग? राग ठेकेदाराचा. त्याला ठेका होता तो जंगलखात्यानं खूण केलेल्या झाडांचा. मी हिंडून पाहिलं, अर्ध्याअधिक थुटांवर, म्हणजे मागे उरलेल्या बुंध्यांवर, खूणच नव्हती. अंगाची लाही झाली. आणि केलं काय? उजवीकडे सरकून बसलो, म्हणजे थुटं दिसू नयेत, आणि आठवून-आठवून नाला रंगवला. घरी आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तोच ठेकेदार कशाला तरी घरी आला. भिंतीला टेकवलेलं चित्र पाहून म्हणाला, "वा मास्तर! हे माह्या नव्या बैठकीत पाह्यजे. असं रान आता पाहाले भेटते कुठी? फक्त एक हरीण टाकून द्या."

हरीण! कानशिलं तापली. जिभेवर पाच-सहा अस्सल शिव्या आल्या. तोंडातून निघालं, "वाळलं की देतो, साहेब."

मग दर बाजारच्या दिवशी त्याचा माणूस यायचा, चित्रातल्या पाण्यात बोट खुपसायचा आणि विचारायचा, "मास्तर, हे काऊन वाळून नाही राह्यलं?" नाल्यात चार बोटं उमटली. चूक माझी, पण त्या चुकीनंच चित्र घरात राहिलं होतं. पाचव्यांदा आला तो म्हणाला, "मालक म्हनते, ओलंच द्या. बैठकीत वायंल." आणि त्यानं चौकट उचलली.

"ठेव खाली!" मी असा ओरडलो की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "नाही देत म्हनून सांग तुह्या मालकाले! बिनखुणेची झाडं तोडली त्यानं, मी पाह्यलं, हेही सांग! हरीण पाह्यजे म्हने! कुठी उभं करू बे थे हरीण, थुटावर?"

त्यानं चौकट ठेवली, तेल लागलेलं बोट माझ्याच दाराला पुसलं आणि गेला. 

बायको पिठाच्या हातांनी चुलीजवळून उठून दारात आली होती. चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हा राग त्या दिवशी नाल्यावर काऊन नाही केला?" ती म्हणाली. "तवा तं उजवीकडे सरकून बसले. चला, हात धुवा."