मामाच्या नावावरची गाडी

निकांद्रमामाबद्दल चार शब्द सांगायचे तर आधी माझी लाज सांगावी लागते. ती बाजूला ठेवून सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

निकांद्र सावेल्येविच म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. इवानोवोपासून चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यात एकटा राहायचा आणि दूधकेंद्रावर कॅन मोजून घ्यायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. उजवा पाय मांडीपासून नव्हता. युद्धात जखमी होऊन किनेश्माच्या लष्करी इस्पितळात सात महिने पडून होता, पाय तिथेच कापला. तरीही दरवर्षी त्याला तालुक्याला जाऊन डॉक्टरांच्या समितीपुढे उभं राहावं लागे, अपंगाचा दाखला नवा करायला. परत आला की सांगायचा, "नीट तपासलं बरं का. म्हणाले, अजून उगवलेला नाही, पुढच्या वर्षी या." स्वतः हसायचा नाही, आम्ही पोट धरून हसायचो.

मी कापडगिरणीत फिटर. आमच्या पिढीला गाडीचं काय वेड होतं, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. लहानपणी आमच्या रस्त्यावर एकच पोबेदा होती, मोठ्या डॉक्टरांची. ती गेली की आम्ही मागे धुळीत धावायचो. मग मस्क्विच आली, ती फोरमन आणि मास्तर लोकांनी घेतली. मग ती कुबडी झापोरोझेत्स, इंजिन मागे, सामान पुढे, आणि आपले गुडघे आपल्याच हनुवटीला. आणि सत्तरनंतर झिगुली आली नि सगळ्यांची झोप उडाली. पण दुकानात जाऊन उचलून आणायची ती वस्तू नव्हती. गिरणीच्या युनियनकडे यादी असे. त्या यादीत माझा नंबर तीनशे बारा आणि गिरणीला गाड्या यायच्या वर्षाला सात-आठ. जिवंतपणी मिळाली असती की नाही कोण जाणे.

युद्धातल्या अपंगांना मात्र रांग नव्हती. हे माझ्या बायकोच्या, रिम्माच्या, लक्षात आलं. ती नुसती बोलली, गावाला गेलो मी. म्हणजे दोष तिच्यावर ढकलायची सोय नाही.

"मामा, हक्क तुझा, पैसे आमचे," मी म्हणालो. "गाडी तुझ्या नावावर घेऊ, चालवीन मी."

मामानं बराच वेळ चिलीम ओढली. "घे की. मला कुठे मिरवायचंय. पण एक कर, अर्काशा. एकदा मला किनेश्माला ने. इस्पितळाच्या मागच्या बागेत माझा पाय पुरलाय. तिथल्या म्हाताऱ्या आयाबाईनं खिडकीतून जागा दाखवली होती. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि वर टेकडी. काठीवर नाही झेपत. पस्तीस वर्षं झाली, जाऊन विचारपूस करून यावी. काही झालं तरी आपलाच तो."

"एकदा काय मामा, दरवर्षी नेईन," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात गाडी मिळाली. चेरीच्या रंगाची. सही करायला मामा शहरात आला होता, छातीवर पदकं लावून. दुकानातून बाहेर पडलो, तो पुढच्या सीटवर बसला, प्लास्टिकचं वेष्टण मी काढू दिलं नाही. वीस मिनिटं गाडी चालवली. गावाचा रस्ता चिखलाचा, म्हणून मी त्याला बसस्टँडवर उतरवलं. "मामा, वाईट वाटून घेऊ नकोस, चाकांच्या आतल्या बाजूनं गंज धरतो," असं मी त्याला समजावून सांगितलं. आणि तो म्हणाला, "बरोबर आहे, नवी आहे अजून." स्वतःच्या नावावरच्या गाडीतून माणूस उतरला आणि बसच्या रांगेत उभा राहिला.

त्या गाडीला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ऑक्टोबर ते मे ती पत्र्याच्या गॅरेजात ठोकळ्यांवर उभी, चाकं काढलेली. उन्हाळ्यात रविवारी बाहेर काढायची, पुसायची, पावसाचा ढग दिसला की आत. दुकानापाशी उभी केली तर वायपर काढून खिशात घालायचे, ते तर सगळेच करत, नाहीतर चोर नेत. पण मी घरासमोरही काढायचो. शेजारच्या गॅरेजात स्पिरिदोन होता, त्याची कुबडी झापोरोझेत्स. त्यातून तो सासू, बटाटे, अळंबी, एकदा तर बकरीसुद्धा घेऊन आला. तो मला म्हणायचा, "अर्काशा, हिला जुलाबाचं औषध दे, त्या निमित्तानं तरी बाहेर पडेल." मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असली की चालवायला मुखत्यारपत्र लागतं आणि ते तीनच वर्षं चालतं. म्हणजे दर तीन वर्षांनी मामाला नोटरीपुढे उभं करणं आलं. एक्याऐंशीत मी गावाला गेलो आणि त्याला तालुक्याला घेऊन गेलो. बसनं. हो, बसनं. पाऊस होता, म्हणून. बसमध्ये जागा नव्हती, तो काठीवर उभा होता. नोटरीबाईनं कागद पाहिले, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठे आहे हो, आजोबा?" मामा म्हणाला, "त्या कोपऱ्यावर उभी केलीय. इथे पोरं ओरखडे काढतात." आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, या उन्हाळ्यात नक्की."

"घाई नाही," मामा म्हणाला. "तो कुठे पळून जातोय."

चौऱ्याऐंशीत पुन्हा तेच. तेव्हा निमित्त क्लचचं होतं, खरं तर क्लच ठणठणीत होता. किनेश्मा आमच्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर, डांबरी रस्ता. सकाळी निघून संध्याकाळी घरी. सहा वर्षांत माझी गाडी चार हजार किलोमीटरसुद्धा चालली नव्हती आणि गिरणीत मी हे छाती फुगवून सांगायचो.

शहाऐंशीच्या जानेवारीत मामा अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो. तो अगदी हळू म्हणाला, "मेमध्ये रस्ते वाळतात, नाही?"

"मेमध्ये जाऊ, मामा. शप्पथ," मी म्हणालो. त्या वेळी मला खरंच न्यायचं होतं. पण तेव्हाही मनात पहिला विचार आला तो ठोकळ्यांवरून गाडी उतरवायच्या कटकटीचा.

मार्चमध्ये मामा गेला.

मातीला मी बसनंच गेलो. पुरून आल्यावर सगळे मामाच्या घरात जेवायला बसले. मनुका घातलेला गोड भात, धिरडी, मामाच्या जागी भरलेला पेला आणि वर काळ्या पावाचा तुकडा. शेजारची पेलागेया आजी सगळ्यांना वाढत होती. कुणीतरी विचारलं, "भाचा गाडी घेऊन नाही आला?"

"या चिखलात कोण आणील?" पेलागेया आजी फणकारली. "निकांद्र सांगायचाच, अर्काशा गाडीला फार जपतो, पण माझ्यासाठी काढतो म्हणून. किनेश्माला नेलं होतं ना त्याला." मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाच वर्षं झाली असतील, पण किती वेळा सांगितलं त्यानं आम्हाला. काचा खाली करून गेलात, वाटेत टरबूज घेतलं. बागेत त्या जागेवर आता बोराएवढ्या लाल फळांचं झाड आलंय म्हणे. तू टोपी काढून उभा होतास आणि म्हणालास, मामा, तुझ्या पायाचंच झाड हे. तेव्हा निकांद्र रडला होता म्हणे."

मला वाटलं धरणी दुभंगावी. गावात मान खाली जायला नको म्हणून म्हाताऱ्यानं एवढं सगळं एकट्यानं रचलं होतं. स्वतःची नव्हे, माझी मान.

"खरंच आहे का रे ते झाड?" आजीनं विचारलं. "केवढं आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर मामा खोटा पडला असता. निदान त्या वेळी मी स्वतःला हेच सांगितलं. मी हात वर करून दाखवला, डोक्याच्याही वर.

"एवढं आहे, आजी."

आजीनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. म्हणाली, "असा भाचा सगळ्यांच्या नशिबी नसतो." मग सगळे उठले, आमच्याकडे माती झाल्यावर पेले एकमेकांना टेकवत नाहीत, तसेच न टेकवता हातात धरले, आणि माझ्या नावानं प्याले. मीही उठून उभा राहिलो आणि प्यालो.